अ‍ॅकोलेड एल्म: पार्कवेवरच्या लागवडीच्या नोंदी

१७ ऑक्टोबर २०२३

आज पूर्ण रस्ता चालून पाहिला. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत रस्ता आणि पदपथ यांच्या मधे गवताचा पट्टा सोडलेला असतो, त्याला इथे पार्कवे म्हणतात. गावाची झाडं लागतात ती याच पट्ट्यात. आपल्या रस्त्यावर तो नऊ फूट रुंद आहे, म्हणजे मोठं झाड पेलेल. उत्तरेच्या बाजूला मात्र डोक्यावरून विजेच्या तारा जातात, तिथे उंच झाडाचा विचारच नको.

रिकाम्या जागा ४२. सगळ्या अ‍ॅश या झाडांच्या. एमरल्ड अ‍ॅश बोरर हा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २००६ मध्ये इलिनॉयमध्ये. आमच्याकडचे अ‍ॅश त्यानंतर एकेक करून गेले. त्या अ‍ॅशच्या आधी याच जागांवर अमेरिकन एल्म होते. ते डच एल्म रोगाने मेले, म्हणून त्यांच्या जागी रांगच्या रांग अ‍ॅश लावले, आणि मग अ‍ॅशची रांगही गेली. एकाच रस्त्यावर दोन वेळा तेच घडलं. त्यामुळे काय लावायचं याइतकंच किती लावायचं हेही मला आत्ताच ठरवायचं आहे.

दक्षिण टोकाला एक जुना अमेरिकन एल्म अजून उभा आहे. खोड दहा-बारा फुटांवर फुटतं, फांद्या वर जाऊन बाहेर कलतात आणि टोकं खाली लवतात. दोन्ही बाजूंना अशी झाडं असली की रस्त्यावर कमान तयार होते. ती कमान पाहिलेली माणसं या गल्लीत अजून राहतात आणि झाडांचा विषय निघाला की एल्मच मागतात. मलाही एल्म हवा आहे. वर हवेत पसरणारं, खाली गाड्या आणि माणसांना मोकळी वाट ठेवणारं, चिकणमाती आणि हिवाळ्यातलं मीठ दोन्ही सोसणारं दुसरं झाड पटकन सुचत नाही.

(मराठी वाचकांसाठी: आपल्याकडचा वावळ एल्मच्याच कुळातला. त्याची गोल, कागदी पंखांची फळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना एल्मची फळं लगेच ओळखता येतील, फक्त आकाराने लहान.)

८ नोव्हेंबर २०२३

जात निवडण्याआधी रोग नीट मांडून ठेवतो, कारण रहिवाशांच्या सभेत पहिला प्रश्न हाच येणार.

‘डच’ हे नाव झाडामुळे पडलेलं नाही. १९२० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधिकांनी, बेआ श्वार्ट्स आणि नंतर क्रिस्टिन बाउसमन यांनी, या रोगामागची बुरशी शोधून सिद्ध केली, म्हणून डच. अमेरिकेत रोग प्रथम १९३० मध्ये ओहायोत सापडला. प्लायवूडसारख्या पातळ लाकडी थरांसाठी युरोपातून ओंडके येत होते, त्यांच्या सालीत भुंगेरे होते आणि भुंगेऱ्यांच्या अंगावर बुरशी. पुढे ऑफिओस्टोमा नोव्हो-उल्मी ही जास्त आक्रमक प्रजाती पसरली आणि दोन्ही खंडांवर कोट्यवधी एल्म मेले.

बुरशी झाडाच्या जलवाहिन्यांत वाढते. झाड तिला अडवायला त्या वाहिन्या स्वतःच बुजवतं, आत फुगे आणि डिंकासारखा पदार्थ भरतं. अमेरिकन एल्मच्या वसंतात तयार होणाऱ्या वाहिन्या रुंद असतात. बुरशीचे बीजाणू त्यांतून रसाबरोबर भराभर वर चढतात आणि झाडाचा बांध घालणं कायम मागे पडतं. शेवटी बुरशीही पसरलेली असते आणि वाहिन्याही बंद झालेल्या असतात. भर उन्हाळ्यात झाड तहानेने मरतं. प्रतिकारक एल्ममध्ये हा बांध लवकर आणि थोडक्या जागेत पडतो. संसर्ग होतो, एखादी फांदी वाळतेही, पण झाड उभं राहतं. सभेत हे स्पष्ट सांगायचं: प्रतिकारक याचा अर्थ रोग शिवणारच नाही असा नाही.

२९ नोव्हेंबर २०२३

आज जातींवर पूर्ण दिवस गेला.

अमेरिकन एल्ममधल्या निवडी आधी पाहिल्या. ‘प्रिन्स्टन’ ही १९२२ मध्ये न्यू जर्सीत निवडलेली, तीही केवळ आकारासाठी. तिची रोगाला तोंड देण्याची ताकद नंतर लक्षात आली. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोर पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर हीच लावली आहे. ‘व्हॅली फोर्ज’ आणि ‘न्यू हार्मनी’ अमेरिकेच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दिल्या. तिथली चाचणी कठोर असते: खोडाला भोक पाडून बुरशीचे बीजाणू आत सोडतात आणि काही आठवड्यांनी किती पालवी कोमेजली ते मोजतात. व्हॅली फोर्ज त्यात फार चांगली ठरली. पण तिच्या फांद्या इतक्या वेड्यावाकड्या फुटतात की छाटणीला माणूस कायम लागतो. शिवाय या अमेरिकन निवडींना एल्म यलोज या दुसऱ्याच रोगाचा धोका राहतोच.

संकराचा मार्ग अमेरिकन एल्मला जवळजवळ बंद आहे. त्याच्या पेशींत ५६ गुणसूत्रं, बाकी बहुतेक एल्ममध्ये २८. त्यामुळे संशोधक आशियाई एल्मकडे वळले. बुरशी मूळची तिकडचीच असावी असं मानतात, म्हणजे तिथल्या झाडांनी तिच्यासोबत दीर्घकाळ काढलेला आहे. नेदरलँड्समध्ये तर हिमालयातल्या एल्मचा, उल्मस वॉलिचियानाचा, अंश आणून ‘लोबेल’सारख्या जाती तयार केल्या.

आमच्यासाठी मला ‘अ‍ॅकोलेड’ सर्वांत योग्य वाटते. अधिकृत नाव ‘मॉर्टन’. मूळ झाड इथून जवळच, लाइलच्या मॉर्टन वृक्षोद्यानात, १९२४ मध्ये बॉस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानातून आलेल्या बियांपासून वाढलं. जपानी आणि विल्सन एल्मचा आपोआप झालेला संकर. उद्यानातले अमेरिकन एल्म रोगाने जात असताना ते तसंच तगून राहिलं, आणि तिथले संशोधक जॉर्ज वेअर यांच्या कामामुळे ते रस्त्यांवर पोहोचलं. पान गडद हिरवं, चकचकीत. शरदात पिवळं. उंची सत्तर फुटांच्या आसपास आणि माथा फुलदाणीसारखा, म्हणजे अमेरिकन एल्मच्या कमानीच्या जवळ जाणारा. एल्मची पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याला ते बऱ्यापैकी पुरून उरतं. चुनखडीची, जास्त सामूची माती त्याला चालते आणि आमची माती नेमकी तशीच आहे. मुख्य म्हणजे इथल्या हवेत ते शंभर वर्षांच्या घरात टिकलेलं आहे. इतकी लांब परीक्षा दिलेली जात क्वचित मिळते.

१६ जानेवारी २०२४

मिश्रण ठरलं.

वृक्षसंशोधक फ्रँक सँटमूर यांनी १९९० मध्ये मांडलेला नियम सगळ्यांना पाठ आहे: गावातल्या झाडांत एक प्रजाती १० टक्क्यांहून जास्त नको, एक वंश २० टक्क्यांहून नको, एक कुळ ३० टक्क्यांहून नको. मी तो मान्य करतो, पण अ‍ॅकोलेडच्या बाबतीत तो मला सैल वाटतो. ही जात फांदीपासून किंवा कलमापासूनच वाढवतात. म्हणजे रस्त्यावरचं प्रत्येक अ‍ॅकोलेड हे लाइलमधल्या त्या एकाच झाडाचा भाग आहे. उद्या एखाद्या नव्या किडीने एकाला गाठलं तर बाकीच्यांपाशी वेगळं काहीच नसेल.

तेव्हा ४२ पैकी १२ जागा एल्मला, त्यातही ८ अ‍ॅकोलेड, ४ प्रिन्स्टन. उरलेल्या जागांवर स्वॅम्प व्हाइट ओक, केंटकी कॉफीट्री, हॅकबेरी, बाल्ड सायप्रस. तारांखाली ठेंगणी झाडं. एकसारखी कमान मागणाऱ्यांना हे आवडणार नाही. त्यांना नकाशा दाखवायचा: एल्म चौकाजवळ समोरासमोर आहेत, तिथे कमान होईल.

मागणीत लिहिलं: स्वतःच्या मुळांवरची रोपं हवीत, दुसऱ्या एल्मच्या खुंटावर बांधलेली नकोत. खुंटाचे फुटवे वर आले की ते प्रतिकारक नसतात आणि पाचेक वर्षांनी लोकांना ते ओळखूही येत नाहीत.

२३ फेब्रुवारी २०२४

यंदा सिकाडा येणार, म्हणजे वर्षानुवर्षं जमिनीखाली वाढून एकदम वर येणारे, मोठ्याने ओरडणारे कीटक. उत्तर इलिनॉयमध्ये दर १७ वर्षांनी निघणारी तेरावी पिलावळ आणि राज्याच्या इतर भागांत १३ वर्षांची एकोणिसावी, दोन्ही एकाच वर्षी. असं यापूर्वी १८०३ मध्ये झालं होतं. सिकाडा पानं खात नाहीत, मोठ्या झाडांना त्यांचं काही वाटत नाही. पण मादी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या डहाळीला चिरा पाडून अंडी घालते, आणि नव्या रोपाच्या तर सगळ्याच फांद्या तेवढ्या जाडीच्या असतात.

वसंतात लावून प्रत्येक रोपाला जाळी बांधायची, की शरदापर्यंत थांबायचं? तिसरा मार्ग धरला. उघड्या मुळांची रोपं एप्रिलमध्ये घ्यायची, उन्हाळाभर खडीच्या वाफ्यात ठेवायची आणि शरदात लावायची. म्हणजे ४२ ठिकाणी जाळ्या सांभाळण्याऐवजी एका वाफ्यावर एकच मोठी जाळी.

१८ एप्रिल २०२४

रोपं आली. खोडाची जाडी जमिनीपासून सहा इंचांवर पावणेदोन इंच. मुळं ओल्या गोणपाटात.

खडीचा वाफा ही मिसूरी विद्यापीठात रुजलेली पद्धत. लाकडी चौकटीत बारीक गोलसर खडी, तिच्यात साधारण दहावा हिस्सा वाळू, आणि टायमरवर दिवसातून अनेकदा थोडं थोडं पाणी. माती अजिबात नाही. खडीत हवा आणि ओल दोन्ही असल्यामुळे तंतुमुळांचं दाट जाळं होतं, आणि शरदात रोप उपसलं की खडी आपोआप गळून पडते. आज मोडकी मुळं छाटली, खोडाला वळसा घालणारी एक-दोन मुळं मुळापासून काढली. हे काम आत्ताच होतं. मातीचा गोळा असलेल्या रोपात तेच मूळ आत दडून राहतं आणि वीस वर्षांनी खोडाला फास लावतं.

२ जून २०२४

जमीन वीत-दीड वीत खोलीवर ६४ अंश फॅरनहाइटपर्यंत तापली की सिकाडा वर येतात, आणि आले. दुपारी बाहेर बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. वाफ्यावरची जाळी पाव इंचापेक्षा बारीक विणीची आहे, कडा खाली दाबून घेतल्या आहेत. आत सगळं हिरवं.

१९ जुलै २०२४

सिकाडा गेले, पण गावभर ओक, मेपल, एल्म सगळ्यांच्या डहाळ्यांची टोकं तपकिरी होऊन लोंबताहेत. दरवर्षी या महिन्यात आम्ही नेमकं हेच शोधत फिरतो. हिरव्या माथ्यात एखादी पिवळी-तपकिरी फांदी दिसली की तो डच एल्म रोगाचा पहिला बावटा. यंदा प्रत्येक झाडावर शेकडो बावटे. खरा कोणता हे खालून सांगता येत नाही.

दक्षिण टोकाच्या त्या जुन्या एल्मपाशी शिडीची गाडी नेली. बहुतेक वाळलेल्या डहाळ्या पेन्सिलीएवढ्याच, हाताने वाकवल्या की चिरेपाशी कडकन तुटत होत्या आणि तुटलेल्या जागी अंड्यांच्या खाचांची ओळ स्पष्ट होती. त्या सिकाडाच्या. पण पश्चिमेच्या बाजूला एक मनगटाएवढी फांदी आख्खी कोमेजली होती. तिच्यावर चीर एकही नाही. पानं सुकून आतल्या बाजूला वळलेली, काही अजून हिरवट-पिवळी. अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा कापला आणि सुरीने साल सोलली. पांढऱ्या लाकडावर फांदीच्या लांबीने धावणाऱ्या तपकिरी रेघा होत्या, शाईची बारीक लेखणी ओढावी तशा. आडवा काप घेतला तर त्याच रेघांचं शेवटच्या वर्षीच्या वलयात ठिपक्यांचं तुटक कडं झालेलं. वाहिन्या बुजल्या आहेत ते हेच.

खालच्या एका मेलेल्या फांदीची साल उचलली तेव्हा भुंगेऱ्यांची नक्षीही दिसली. मधला बोगदा लाकडाच्या तंतूंच्या दिशेने आणि अळ्यांचे बोगदे त्याला आडवे फुटलेले. हा युरोपीय सालभुंगेरा. इथला देशी भुंगेरा मधला बोगदा तंतूंना आडवा खणतो. प्रौढ भुंगेरा बाहेर पडला की निरोगी एल्मच्या कोवळ्या बेचक्यांत जाऊन साल कुरतडतो आणि अंगावरची बुरशी तिथे सोडतो.

तुकडे थंड ठेवून विद्यापीठाच्या वनस्पती चिकित्सालयाकडे पाठवले. उत्तर काय येणार ते मला माहीत आहे.

२ ऑगस्ट २०२४

अहवाल आला, रोगच.

झाड पाडण्याआधी एक काम. शेजारच्या अंगणात चाळीस फुटांच्या आत दुसरा अमेरिकन एल्म आहे. जवळच्या एल्मची मुळं जमिनीत एकमेकांना चिकटतात, मग बुरशीला भुंगेऱ्याची गरज उरत नाही. म्हणून दोन्ही झाडांच्या मधे आधी चर मारून मुळं तोडली, नंतरच झाड पाडलं. आधी झाड पाडलं असतं तर निरोगी झाडाने त्याच मुळांतून रोगट झाडाचा रस ओढून घेतला असता. त्या अंगणाच्या मालकांना प्रोपिकोनाझोल या बुरशीनाशकाचं इंजेक्शन बुंध्यात द्यायला सांगितलं आहे. ते ठरावीक काळाने पुन्हा द्यावं लागेल, पण झाड निरोगी असताना दिलेलं औषधच सर्वांत उपयोगी पडतं.

लाकडाचा सगळा भुगा केला. ओंडके मागायला माणसं आली होती, त्यांना नाही म्हणालो. सालीसकट रचलेलं एल्मचं सरपण म्हणजे पुढच्या वसंतातल्या भुंगेऱ्यांचं घर.

फार वाईट वाटलं. रस्त्यावरचा शेवटचा जुना एल्म गेला. गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी विचारलं, इथे परत एल्म लावाल का? जागा ४३ झाल्या आणि त्रेचाळिसावी अ‍ॅकोलेडला दिली.

३ ऑक्टोबर २०२४

लागवड सुरू. खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या. पिवळी गॅसची, निळी पाण्याची, लाल विजेची, नारिंगी दूरसंचाराची, हिरवी सांडपाण्याची. दोन जागा गॅसमुळे सरकवाव्या लागल्या.

खडीतून उपसलेली मुळं पाहण्यासारखी आहेत, बारीक, पांढरट, दाट. उन्हात पाच मिनिटंही उघडी ठेवायची नाहीत, म्हणून उपसताक्षणी ओल्या गोणपाटात. खड्डा रुंद आणि उथळ. बुंधा जिथे मुळांकडे रुंदावतो ती जागा जमिनीच्या वर दिसलीच पाहिजे. तीच माती परत भरली, खत नाही. तीन इंच लाकडी भुशाचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकलेला भुशाचा ढीग दिसला की मी तो पायाने बाजूला करतो, कोणाच्याही अंगणासमोर असला तरी.

आठवड्याला झाडामागे १५ ते २० गॅलन पाणी, जमीन गोठेपर्यंत. पाण्याच्या पिशव्या बांधल्या. ज्यांच्या दारात झाड आहे त्यांना पिशवी भरायची विनंती केली, बहुतेकांनी आनंदाने घेतली.

९ जुलै २०२५

पहिला उन्हाळा. जपानी भुंगेरे आले, लिंडन या झाडांच्या पानांची जाळी केली, एल्मच्या काही पानांनाही भोकं. औषध मारणार नाही. अ‍ॅकोलेडने या वर्षी फार उंची घेतलेली नाही. ते अपेक्षितच होतं, पहिलं वर्ष मुळांचं. प्रिन्स्टन मात्र सुसाट सुटले आहेत आणि चारपैकी दोघांना जोडशेंडे.

२२ जानेवारी २०२६

आज एल्मची पहिली घडणीची छाटणी केली. इथे मधल्या ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंतच एल्म कापायचा. भुंगेरे उडत असताना ताज्या जखमेचा वास त्यांना बोलावतो. वादळाने उन्हाळ्यात फांदी मोडलीच, तर काप लगेच रंगवायचा. एरवी मी झाडाच्या जखमेला रंग लावत नाही.

प्रतिकारक एल्म रोगापेक्षा फाटण्याने जास्त जातील असं मला वाटतं. या झाडाची सवयच एका ठिकाणाहून चार-पाच जाड फांद्या अरुंद कोनात वर पाठवण्याची. बेचक्यात साल आत दबते, दोन्ही फांद्या जाड होत जातात, पण लाकूड एकमेकांत विणलंच जात नाही. तीस वर्षांनी एखाद्या वादळात अर्धं झाड गाडीवर. ते वाचवायचं तर फांदी पेन्सिलीएवढी ते अंगठ्याएवढी असताना, शिडीवर उभं राहून छोट्या कात्रीने.

चौकाजवळच्या अ‍ॅकोलेडला तीन शेंडे होते. मधला ठेवला. पूर्वेकडचा निम्म्यावर, बाहेर वळणाऱ्या छोट्या फांदीपाशी कापला. मुळापासून काढला नाही, त्याची पानं अजून खोड जाड करायला हवी आहेत, फक्त त्याचा वेग कमी व्हायला हवा. पश्चिमेकडच्याच्या बेचक्यात साल आत गेलेली स्पष्ट दिसत होती, तो पूर्ण काढला. फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड होऊ द्यायची नाही हा अंदाज. एका हंगामात पाव माथ्यापेक्षा जास्त काढायचं नाही. रस्त्याच्या बाजूला शेवटी १४ फूट आणि पदपथावर ८ फूट मोकळं लागतं, म्हणजे आज दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या फांद्या तात्पुरत्या आहेत. त्या आखूड ठेवायच्या आणि टप्प्याटप्प्याने काढायच्या.

ठेकेदाराच्या करारात पुढच्या दहा वर्षांच्या छाटण्या घातल्या आहेत. अंदाजपत्रक पाहणाऱ्यांना हा खर्च रोपांच्या किमतीपुढे मोठा वाटला. रोपं लावून सोडून द्यायची असतील तर एल्म लावूच नका, असं मी स्पष्ट लिहून दिलं, आणि तरतूद मंजूर झाली.

दक्षिण टोकाच्या त्रेचाळिसाव्या झाडाला आज काही कापावं लागलं नाही. सरळ शेंडा, चांगले रुंद कोन. पुढची फेरी २०२८ च्या हिवाळ्यात. कुठल्या झाडाची कुठली फांदी तेव्हा काढायची ते नकाशावर नोंदवलं आहे.